एक गुऱ्हाळघर, पाच माणसं, एक रात्र: एकाच जागेत घडणारा थरारपट कसा उभा करायचा

एकाच जागेत घडणाऱ्या थरारपटाच्या बऱ्याच संहितांमध्ये गोष्ट आधी सुचलेली असते आणि जागा नंतर चिकटवलेली असते. खून, पैशांची बॅग, एक अनोळखी माणूस, आणि मग 'हे सगळं एखाद्या बंगल्यात घडवू' असं ठरतं. त्या बंगल्याचं उद्या लॉज केलं, परवा रेल्वेचा डबा केला, तरी संवादातली एक ओळही बदलावी लागत नाही. तिथं जागा फक्त खर्च वाचवायला आलेली असते, आणि प्रेक्षकाला ते कळतं.

म्हणून इथं उलट्या दिशेनं जाऊ. आधी जागा घ्यायची. तिथं काय घडू शकतं ते शोधायचं. मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. उदाहरण म्हणून कोल्हापुरातलं पंचगंगेच्या काठचं, पावसाळ्यात बंद असलेलं एक गुऱ्हाळघर घेतो आणि पहिल्या पाहणीपासून प्रमाणपत्रापर्यंत तेच चालवतो. वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट करणाऱ्यालाही हा मार्ग चालेल आणि थोड्या पैशांत दीड तासाचा चित्रपट करू पाहणाऱ्यालाही.

## जागा अशी निवडा, जिचं स्वतःचं काम आहे

कोल्हापुरात जागांना तोटा नाही. पेठेतला जुना वाडा आहे, तांबड्या मातीच्या हौदाची तालीम आहे, शिरोली एमआयडीसीतली रात्रपाळीची फाउंड्री आहे, गगनबावड्याच्या पुढं घाटात दरड कोसळून अडकलेली एसटी आहे. या सगळ्या चांगल्या आहेत, कारण प्रत्येक ठिकाणी एक काम चालतं. काम म्हटलं की अवजारं आली, वेळापत्रक आलं, मालक आणि मजूर आले, कुणाचं कुणाकडं येणं-देणं आलं. दिवाणखान्यात यातलं काहीच नसतं. तिथं लेखकाला सगळा ताण तोंडी संवादातून निर्माण करावा लागतो आणि तो लवकर दमतो.

फाउंड्रीचा मोह बऱ्याच जणांना होतो. दिसायला ती जबरदस्तच आहे. पण चालू फाउंड्रीत थेट आवाज घेता येत नाही, आणि भट्टी विझवून तुमच्यासाठी रात्र मोकळी करणं मालकाला परवडत नाही. वाड्यात खोल्या लहान असतात, कॅमेरा मागं सरकत नाही. तालीम सुंदर आहे, पण तिथल्या माणसांच्या श्रद्धेची जागा आहे, त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय हौदात पाय ठेवू नका.

गुऱ्हाळघर मला या सगळ्यांत सरस वाटतं. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो. त्यानंतर ते मोकळं असतं आणि बरेच मालक भाड्यानं द्यायला तयार होतात. आत जागा ऐसपैस, वर उंच पत्रा. भोवती ऊस, त्यामुळं चित्रीकरणाच्या चौकटीत शेजारचं घर किंवा विजेचा दिवा येत नाही.

## लिहायच्या आधी तिथं एक रात्र काढा

कागद, मोजपट्टी आणि आवाज टिपायचं यंत्र घेऊन जा. दिवसा मोजमाप घ्या, रात्री नुसतं बसा. दिवसा दिसतं ते दिग्दर्शकाच्या कामाचं, रात्री ऐकू येतं ते लेखकाच्या. ज्या माणसानं तिथं हंगाम काढलेत त्याला शेजारी बसवा आणि विचारा: इथं काय मोडतं, काय अडतं, कुणाला कधी भाजलं, पाणी कुठून येतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या गोष्टीचा पाया आहे. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या पसरट लोखंडी कढईत, उकळतो आणि काहिलीखालचं चुलवाण जमिनीत खणलेलं असतं. जाळ घालायचं तोंड जमिनीच्या पातळीपेक्षा खाली असतं. म्हणजे भोवतालच्या शेतात पाणी चढायला लागलं की ते आधी दारात दिसेलच असं नाही. ते जमिनीतून झिरपत पहिल्यांदा चुलवाणात भरेल. पूर बाहेरून येण्याआधी घराच्या मधोमध, राखेच्या खड्ड्यात, काही न बोलता उभा राहील. हे कुठल्याही लेखकाला टेबलाशी बसून सुचणार नाही. जागा ते देते.

अशा गोष्टींची यादी करा. आमच्या उदाहरणातली यादी अशी झाली. चिपाडाचा (रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याचा) ढीग: माणूस लपू शकतो, आग लागू शकते. ऊस पिळायचा घाणा: हात अडकू शकतो. काहील: उपडी असेल तर तिच्याखाली माणूस मावतो, लोखंडी असल्यानं काही आपटलं तर रानभर घुमते. आणि सरळ असेल तर ती तरंगते. गुळाची काहील पुरात नावेसारखी वापरल्याच्या आठवणी नदीकाठच्या गावांत म्हातारी माणसं सांगतात. गुळाचे रवे (ढेपा) ठेवायची खोली: एकच दार, लाकडी, आतून कडी. लाकूड पाण्यात फुगतं आणि फुगलेलं दार चौकटीत घट्ट बसतं.

या यादीतल्या शेवटच्या दोन नोंदी पुन्हा वाचा. चित्रपटाचा मध्य आणि शेवट तिथंच आहेत.

## बाहेर का जाता येत नाही?

या प्रश्नाचं उत्तर ढिलं असेल तर पुढचं सगळं वाया जातं. 'दाराला कुलूप आहे' हे सगळ्यात कमकुवत उत्तर, कारण कुलूप फोडता येतं आणि प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत मनातल्या मनात ते फोडून मोकळा होतो.

मजबूत उत्तराचे दोन पदर असतात. एक बाहेरचा, जो सगळ्यांना सारखा अडवतो. दुसरा आतला, प्रत्येकाचा वेगळा. बाहेरचा पदर आपल्याकडं पूर आहे, आणि कोल्हापूरच्या प्रेक्षकाला पूर समजावून सांगावा लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीशी एकत्र येऊन पंचगंगा होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेलं, महामार्ग बंद पडला, चिखली-आंबेवाडीसारखी गावं रिकामी करावी लागली. पावसाळ्यात इथं घराघरांत क्रिकेटच्या धावसंख्येसारखी पातळी विचारली जाते. एखादं पात्र फोनवर नुसतं 'एक्केचाळीस' म्हणालं तरी आपला माणूस खुर्चीत पुढं सरकतो.

भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकुमाची वाट बघत नाहीत. उघडल्यावर ते पाणी खाली यायला काही तास लागतात. थरारपटासाठी याहून चांगलं घड्याळ मी पाहिलेलं नाही. रात्री साडेनऊला फोनवर 'तिसरा दरवाजा उघडला' अशी बातमी येते, तेव्हा गुऱ्हाळात अजून जमीन कोरडी असते. पात्रांना माहीत असतं की पाणी निघालंय. ते पोचायच्या आत काय करायचं ते ठरवायचं, आणि ठरवू न देणारं कुणीतरी आतच बसलेलं.

आतला पदर माणसांबरोबर येतो.

## पाच माणसं आणि एक बंद दार

पाचापेक्षा जास्त पात्रं घेऊ नका. एका खोलीत सहावा माणूस आला की तो दृश्यामागून दृश्यं नुसता उभा राहतो. तिघांतही चालेल, पण दीड तास पेलायला चार-पाच लागतात.

आमची पाच माणसं: गुऱ्हाळाचे मालक आप्पा. त्यांची थोरली सून. हंगाम संपूनही घरी न गेलेला गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, कारण त्याचे पैसे आप्पांकडं राहिलेत. गावातल्या लोकांना उंचावर नेता नेता स्वतःच अडकलेला ट्रॅक्टरवाला पोरगा. आणि रस्ता चुकलो म्हणणारा एक दुचाकीवाला.

पाचही जण बाहेर पडवीत आहेत आणि गुळाच्या खोलीला आतून कडी आहे.

आत कोण? आप्पांचा मुलगा, त्या थोरल्या सुनेचा नवरा. गावाला आणि बायकोला तो पुण्यात आहे असं माहीत आहे. गावातल्या पतसंस्थेचे पैसे त्यानं गिळलेत. गुळव्याची पुंजी त्याच पतसंस्थेत होती. दुचाकीवाला त्यालाच शोधत आलाय. आप्पांना सगळं ठाऊक आहे आणि ते बोलू शकत नाहीत. आता पाणी चढतंय, दार फुगतंय, आणि बापाला ठरवायचंय की पोराला लपवायचं की वाचवायचं.

इथं कुणी राक्षस नाही, सुरा नाही. प्रत्येकाला जे हवंय ते त्याच्या दृष्टीनं रास्त आहे. एकाच जागेतल्या गोष्टीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं: खलनायक एकटा वेगळा काढता आला की बाकी चौघं त्याला बांधून ठेवतात आणि गोष्ट संपते. सगळ्यांची बाजू थोडीथोडी खरी असली की कुणाला बांधायचं हाच वाद होतो.

## कुणाला काय माहीत आहे

आता एक मोठा कागद घ्या. आडव्या ओळीत वेळ, दर पाच मिनिटांचं एक घर. उभ्या रांगेत पाच पात्रं, आणि सहावी रांग प्रेक्षकाची. प्रत्येक घरात लिहा की त्या क्षणी त्याला काय माहीत आहे आणि कुठली गोष्ट त्यानं चुकीची धरून चाललीय. संवाद लिहायच्या आधी हा कागद पूर्ण भरा. कंटाळवाणं काम आहे, पण संहितेची निम्मी मेहनत इथंच होते.

या कागदावरचा सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे सहावी रांग. खोलीत मुलगा आहे हे प्रेक्षकाला कधी सांगायचं? शेवटपर्यंत लपवलं तर एक धक्का मिळतो आणि तो काही सेकंद टिकतो. अठराव्या मिनिटाला सांगितलं, तर त्यानंतर सून त्या दाराला टेकून बसते, ट्रॅक्टरवाला खोली फोडायची गोष्ट काढतो, गुळव्या पतसंस्थेला शिव्या घालतो, या प्रत्येक क्षणी प्रेक्षकाचा जीव वर-खाली होतो. मी लवकर सांगीन. आप्पा सगळ्यांची नजर चुकवून दाराखालच्या फटीतून भाकरीचा तुकडा आत सरकवतात आणि आतून दोन बोटं तो ओढून घेतात. एवढंच दाखवायचं. आप्पांना कुणी हटकायला नको, संगीत नको.

मग दुसरं एक गुपित मात्र राखून ठेवा, प्रेक्षकापासूनही. दुचाकीवाला कोण हे आमच्या कागदावर बाविसाव्या मिनिटापासून सुनेला कळलेलं आहे, पण प्रेक्षकाला ते पन्नाशीनंतर समजतं. ती गप्प का राहिली हा प्रश्न तेव्हा मागच्या सगळ्या दृश्यांवर नव्यानं पडतो. प्रेक्षकाला एका बाबतीत पात्रांच्या पुढं ठेवायचं आणि दुसऱ्या बाबतीत मागं. दोन्ही एकदम चालू असलं की तो निवांत बसत नाही.

पाण्याचे टप्पेही याच कागदावर टाका. चुलवाण, मग जोतं, मग खोलीचा उंबरा. प्रत्येक टप्प्यावर एखादा पर्याय बंद व्हायला हवा. चुलवाणात पाणी आलं की जाळ करून ऊब घेता येत नाही. जोत्यावर आलं की ट्रॅक्टर गेला. उंबऱ्यावर आलं की दार फुगायला लागलं. नुसतं पाणी वाढलं आणि काहीच हिरावलं गेलं नाही, तर तो फक्त देखावा.

शेवट काहिलीचा. ती पहिल्या चौकटीपासून मधोमध आहे, लोक तिच्यावर बसलेत, तिच्यात पावसाचं गळकं पाणी साठतंय. ती नाव होऊ शकते हे कुणाच्या तरी तोंडून चाळिसाव्या मिनिटाच्या आत सहज येऊ द्या, म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतून. आणि तिच्यात सगळे मावत नाहीत, हे बोलू नका. ते मोजणं प्रेक्षकावर सोडा.

## मोबाइलचं काय करायचं

'रेंज नाही' हे लिहिताना हात आखडता घ्या. पुरात टॉवरची वीज जाते, बॅटरी संपते, हे खरं आहे. पण फोन चालू राहिला तर गोष्ट जास्त चांगली होते. फोन लागतो, तालुक्याला कळतं, आणि उत्तर मिळतं: अंधारात प्रवाहात बोट घालता येणार नाही, उजाडल्यावर येऊ. मदत आहे, पण आत्ता नाही. शिवाय बोट येणार म्हणजे बोटीबरोबर माणसं येणार, आणि खोलीतल्या माणसाला ते नकोय. ज्याची सगळे वाट बघतात त्याचीच एकाला भीती. चार्जिंगचे आकडे घटत जातात ते वेगळंच.

## बोलणं

गुऱ्हाळात अडकलेला माणूस पुस्तकी बोलत नाही आणि सारखं 'नाद खुळा'ही म्हणत नाही. कोल्हापूरची भाषा दाखवण्याच्या नादात बऱ्याच संहिता प्रत्येक वाक्यात 'भावा' घालतात. खऱ्या भीतीत माणूस तोडकं बोलतो, आणि आदर सुटत नाही, हे फार हृद्य आहे. सून सासऱ्यावर संतापलेली असली तरी 'मामा, तकडं जाऊ नगासा' असंच म्हणेल.

चुलवाणाचं दृश्य आम्ही एवढंच ठेवलं:

'पानी कुठवर आलंय?'
'चुलवाणात.'
'भाईर तर काय दिसंना.'
'भाईर कशाला दिसंल? आत आलंय म्हणतोय न्हवं.'

दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक दृश्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य काढून बघा. दहापैकी आठ वेळा दृश्य सुधारतं.

नटांसाठी राज्य नाट्य स्पर्धेत काम करणारी हौशी मंडळी बघा. कोल्हापूर केंद्रावर दरवर्षी चांगले नट दिसतात. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडलेला असतो, तो खाली आणायला वेळ द्या. तालीम हॉलमध्ये करू नका, गुऱ्हाळातच करा, जमिनीवर चुन्यानं जागा आखून. काहिलीभोवती फिरायला किती पावलं लागतात हे नटाच्या पायाला कळलं की अंधारात त्याची नजर खाली जात नाही.

## चित्रीकरण कधी, आणि पाऊस कुठून आणायचा

पावसाळ्यातली गोष्ट पावसाळ्यात चित्रित करू नका. पत्र्यावर धो धो पाऊस पडत असताना एक वाक्य टिपता येत नाही, नदीकाठची जागा धोक्याची असते, आणि पूर कधी येईल ते आपल्या हातात नसतं. एप्रिल-मे धरा. गुऱ्हाळ मोकळं, आणि जवळपास आडसाली ऊस असेल असं रान निवडा. तो जुलै-ऑगस्टला लावलेला असतो, त्यामुळं मे महिन्यात माणसापेक्षा उंच उभा असतो. वळवाचा पाऊस मध्येच येईल, त्यासाठी एक-दोन रात्री हातच्या ठेवा. तो आला की कॅमेरा झाकून आवाज टिपा. असा गडगडाट विकत मिळत नाही.

पाऊस सगळीकडं पाडायची गरज नसते. दारातून जेवढी पट्टी दिसते, आठ-दहा फूट, तेवढ्यावर बारीक भोकांचा पाइप बांधा आणि मोटर लावा. दिवा पावसाच्या मागं, कॅमेऱ्याच्या दिशेनं. समोरून उजेड टाकला तर पडणारं पाणी दिसतच नाही. पत्र्यावर चित्रीकरणाच्या भागात ओली गोणपाटं अंथरा, म्हणजे थेंबांचा आवाज दबतो.

आतल्या पाण्याचा हिशेब आधी करा. २० बाय २५ फुटांच्या भागात ६ इंच पाणी म्हणजे २५० घनफूट, जवळजवळ ७,००० लिटर. ताडपत्री अंथरून कडेनं मातीचा बांध घाला आणि वर त्याच शेतातला गाळ पसरा. सहा इंच पुरतात. कॅमेरा पाण्याच्या पृष्ठाला टेकवला की तेच कमरेएवढं भासतं. पाणी वाया घालवू नका, चित्रण संपल्यावर उसाला सोडा, मालकही खूश राहतो.

एका जागेचा मोठा फायदा असा की दृश्यं गोष्टीच्या क्रमानं चित्रित करता येतात. तो सोडू नका. नटांचा थकवा, वाढलेली दाढी, चिखलाचा थर आपोआप खरा होतो. तरी खांबांवर गेरूनं पाण्याच्या तीन रेषा आधी आखून ठेवा आणि कुठल्या दृश्यात कुठली रेषा हे सहायकाच्या वहीत हवं. प्रत्येक नटाच्या कपड्यांचे तीन जोड: कोरडा, ओला, चिखलाचा. अंगावरचे थेंब टिकायला पाण्यात थोडं ग्लिसरीन. रात्रीला चार-पाच पानं धरून चाला, त्याहून जास्त ठरवलं की शेवटची पानं घाईत होतात, आणि क्रमानं चालला असाल तर तीच तुमच्या क्लायमॅक्सची असतात.

## कॅमेरा

पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाच्या डोक्यात जागेचा नकाशा बसलाच पाहिजे. दार कुठं, चुलवाणाचं तोंड कुठं, खोली कुठं. नंतर अंधारात पाऊल वाजलं तर ते कुणाच्या दिशेनं येतंय हे त्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो घाबरत नाही, फक्त गोंधळतो.

जागा तीच राहून आवळत जायला हवी. अमेरिकी दिग्दर्शक सिडनी ल्युमेटनं १९५७ च्या, जवळजवळ पूर्ण एकाच खोलीत घडणाऱ्या '१२ अँग्री मेन'मध्ये यासाठी भिंगांचा क्रम आखला होता: चित्रपट पुढं सरकतो तसं भिंगांचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) वाढवत नेलं, आणि कॅमेरा डोळ्यांच्या वरून हळूहळू खाली आणला. मागची भिंत माणसांच्या जवळ येत गेली. आपल्याकडं ३५ मिलिमीटरच्या भिंगानं सुरुवात, मध्यात ५०, शेवटी ८५ असं करता येईल. कॅमेरा मात्र पाण्याबरोबर वर चढवत नेला तर? पृष्ठाला चिकटून राहिला तर जमीन चौकटीतून नाहीशी होते आणि पत्रा जवळ येतो. मला या गोष्टीसाठी हेच योग्य वाटतं. सगळ्या भिंगांची चाचणी रिकाम्या गुऱ्हाळात घ्या. एखादा पत्रा बोल्ट काढून सुटा करता आला, तर तिथून मागं सरकून लांबची चौकट मिळते.

उजेडाला कारण हवं. कंदील, विजेरी, फोनचा पडदा, लांबून ट्रॅक्टरचे दिवे. यातला एकेक विझत जाऊ द्या. महागडा कॅमेरा नसला तर खंत नको. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी या गावात कॅमेरा घडवून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, आणि 'प्रभात फिल्म कंपनी'नं १९२९ मध्ये इथूनच सुरुवात केली. साधनं जुळवून घ्यायची सवय कोल्हापूरला जुनी आहे.

## आवाज

दृश्य एकाच जागेत अडकलेलं असतं, आवाज नसतो. बाहेरचं सगळं जग तुम्ही कानांनी दाखवणार आहात: बेडूक, उसाच्या पाल्याची सळसळ, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरची सूचना, लांब हंबरणारं जनावर, आणि मग ते हंबरणं बंद होणं.

खरा पाऊस जुलैत वेगळा टिपून ठेवा: पत्र्यावरचा, पाल्यावरचा, साठलेल्या पाण्यावरचा, वेगवेगळा. प्रत्येक ठिकाणी कुणीही न बोलता एक मिनिट त्या जागेचा नुसता आवाज घ्या. संकलनात वाक्यांमधल्या फटी भरायला तो लागतोच. दीड तास पाऊस एकाच पट्टीत वाजत राहिला तर कान तो ऐकायचा थांबवतात. म्हणून तो कमी-जास्त करा, आणि एकदाच, दार फुगल्याचं कळतं तेव्हा, पूर्ण थांबवा. पाऊस थांबला म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. चुलवाणात मात्र पाणी चढतच राहतं, कारण ते वरून नाही, धरणाकडून येतंय.

## इथं तडजोड नको

चिपाड ठिणगीनं पेटतं. तापणारे दिवे लावू नका, एलईडीच वापरा, आणि आग विझवायची नळकांडी दोन्ही टोकांना ठेवा. ताडपत्रीनं सगळ्या बाजू झाकलेल्या असताना चुलवाण पेटवू नका, धूर कोंडला तर माणूस गुदमरून बेशुद्ध पडतो. ज्योत हवी असेल तर थरथरणारा नारंगी दिवा पुरतो. पाणी आणि वायरी एकत्र आहेत, त्यामुळं जाणत्या वायरमनकडून गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या आणि सगळ्या जोडण्या कमरेच्या वर टांगा. विहीर झाका. काहील तरंगताना दाखवायची तर ती त्याच सहा इंच पाण्यात, विटांवर ठेवून, चौघांनी हलवायची. नटाला खऱ्या नदीत घालायचं नाही, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी.

पुरात साप उंचावर येतात हे खरं आहे, पण चित्रीकरणात खरा साप आणू नका. वन्यजीव कायद्यात त्यांना संरक्षण आहे. गोठ्यातली म्हैस चौकटीत हवी असेल तरी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते. लांबून तिचा आवाज पुरत असेल तर तेवढंच करा.

## कागद

मालकाशी लेखी करार करा: तारखा, भाडं, नुकसान झालं तर कोण भरणार. पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला पत्र द्या, रात्री दिवे आणि आरडाओरडा बघून लोक धावत येतात. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे, सरकारी जागा लागली तर तिकडून जा. गुळाच्या खोलीचा आतला भाग नकली उभारायचा असेल तर मोरेवाडीची चित्रनगरी जवळ आहे.

चित्रपटगृहात दाखवायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. २०२४ च्या नियमांपासून यूए गटाचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनानं बघायच्या चित्रपटांचे) ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झालेत. तुम्ही कुठल्या भागात बसता हे हिंसा किती रंगवली त्यावर बरंचसं ठरतं, म्हणून पतसंस्थेच्या पैशांवरून होणारी मारामारी लिहितानाच याचा विचार करा.

## संकलन आणि पहिला प्रेक्षक

पहिलं संकलन संगीताशिवाय करा. संगीतानं ढिलं दृश्य घट्ट वाटतं आणि आपण फसतो. प्रत्येक दृश्यावर एक खूण करा: इथं कुठला पर्याय बंद झाला, किंवा कुणाला नवीन काय कळलं? खूण नसलेलं दृश्य सुंदर असलं तरी बाजूला काढा. चेहरा ऐकतानाचा जास्त ठेवा, बोलतानाचा कमी. पाच जणांत एक बोलतो तेव्हा गोष्ट उरलेल्या चौघांच्या डोळ्यांत चाललेली असते, आणि आपल्या गोष्टीत तर बहुतेक वेळा आप्पांच्या.

मग आठ-दहा लोकांना दाखवा. मित्रांना नको, चित्रपट न करणाऱ्यांना, आणि त्यात नदीकाठच्या गावातले दोघं-तिघं असू द्या. मध्ये न थांबवता दाखवा आणि तुम्ही पडद्याकडं न बघता त्यांच्याकडं बघा. कुणी फोन कधी काढला ती वेळ लिहून घ्या. संपल्यावर 'आवडलं का' हे विचारू नका. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि गुऱ्हाळाचा नकाशा काढायला सांगा. खोली आणि चुलवाण चुकीच्या बाजूला निघालं तर सुरुवातीच्या दहा मिनिटांत एक लांबची चौकट कमी आहे. त्यानंतर दुसरा प्रश्न: काहिलीत सगळे मावणार नाहीत हे तुम्हाला कधी कळलं? उत्तरं पन्नास ते साठाव्या मिनिटाच्या आसपास आली तर गोष्ट बरोबर चाललीय. शेवटच्या पाच मिनिटांत आली, तर आप्पांची ती आठवण अलीकडं घ्या आणि पुन्हा दुसऱ्या आठ-दहा जणांना बोलवा.